अंबूबाईंच्या गच्चीवरचं मशीन

पर्यावरणाचा अहवाल करायचा तर गावात शिरल्या शिरल्या आधी एक गच्ची शोधायची. शेजारी झाड नको, धुराची चिमणी नको, उंच इमारत नको. वीज मात्र हवी. आणि घरमालक फार चौकस नको. ही शेवटची अट कुठल्या नियमात लिहिलेली नाही, ती आमच्या सरांची. अंबूबाईंची गच्ची बाकी सगळ्या अटींत बसली. चौकसपणाच्या बाबतीत मात्र सरांचा अंदाज सपशेल चुकला.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कारखाना ओळखू येईल आणि माझी नोकरी जाईल. चाकणच्या पट्ट्यातलं गाव आहे, एवढं पुरे. ओतकामाच्या एका कारखान्याला तिथं नवी भट्टी घालायची होती. एमआयडीसीच्या हद्दीत घातली असती तर बहुधा गावाला विचारावंही लागलं नसतं, पण जागा नेमकी हद्दीबाहेरच्या गटात आली आणि सगळा कायदा पाळणं भाग पडलं. आधी तीन महिने हवा, पाणी, आवाज मोजायचे. मग अहवाल, मग जनसुनावणी, मग मंजुरी. असे अहवाल करणाऱ्या पिंपरीतल्या एका लहान कंपनीत मी काम करते. अहवालाचे पैसे कारखानाच देतो. ज्याची परीक्षा त्यानंच परीक्षक नेमायचा, असला हा कारभार. पण माझा पगार त्यातूनच होतो, तेव्हा जास्त बोलत नाही.

आमचं मशीन म्हणजे पायांवर उभी असलेली एक पेटी. ती चोवीस तास हवा ओढते आणि एका पांढऱ्या कागदातून गाळते. कागदाचं आधी वजन, नंतर वजन. फरक पडतो तेवढी धूळ. सोमवारी कागद बसवायचा, मंगळवारी काढायचा. गुरुवारी बसवायचा, शुक्रवारी काढायचा. म्हणजे आठवड्यातून चार दिवस दापोडीहून स्कूटीवर निघून भोसरी, मोशी करत चाकण गाठायचं. नाशिक फाट्यापासूनचा तो रस्ता जो नियमानं करतो, त्याला आयुष्यात दुसरी शिक्षा देऊ नये.

अंबूबाईंचं घर चार मजली. जमीन कारखान्यांना गेली, तिच्या पैशातून घर उभं राहिलं आणि खालच्या तिन्ही मजल्यांवर भाड्याच्या खोल्या निघाल्या. त्यांत लातूर-नांदेडची, बिहारची पोरं राहतात, तिन्ही शिफ्टमधली. कधीही जा, कुणीतरी झोपलेलंच असतं. वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून, बाई एकटी. नवरा गेलेला, मुलगा निरंजन वाकडला लिफ्टवाल्या सोसायटीत. पूर्वी महिन्याच्या महिन्याला भाडेकरू भाडं द्यायला वर यायचे, दोन घटका बसायचे, गावाकडचं सांगायचे. निरंजननं भाडं परस्पर फोनवर घ्यायला सुरुवात केली आणि बाईंचा जिना बंद पडला. गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरणं होईना, आणि वर चढायला कुणाला काही कारण उरलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाव विचारलं, मग आईबाप, मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर "आसं व्हय," म्हणाल्या आणि कागदी कपात चहा दिला. मी मनात म्हटलं, झालं, कप बोलला. पण गवंडी आला, केबलवाला आला, त्यांनाही कागदी कपच. त्यामुळे नक्की काय ते मला पुष्कळ दिवस ठरवता येईना, आणि न ठरवता येण्याचा राग वेगळाच असतो. मग एका मंगळवारी त्यांनी स्वतःच्या पितळी भांड्यातला अर्धा चहा माझ्या कागदी कपात ओतला आणि म्हणाल्या, "त्या कागदाच्या कपाला मेणाचा वास येतो, तुला येत न्हाई का गं?" मी आत गेले, फळीवरून दुसरं पितळी भांडं स्वतःच काढून घेतलं. त्यांनी कपातला चहा त्यात ओतून दिला. त्यानंतर चहा असायचाच, आणि चहाबरोबर कधी भाकरी, कधी वाटाण्याची उसळ.

गंमत त्यांच्या एका समजुतीची. कागद काढला की तो काळा-करडा झालेला असायचा. तो पाहून त्या हरखायच्या. "बग बग, किती घान काडली!" मशीन हवा स्वच्छ करतं, अशी त्यांची खात्री. मी समजावलं, "आजी, हे साफ करत नाही, नुसतं मोजतं." तर म्हणाल्या, "मोजू दे की. मोजता मोजता काडतंच हाय ना?" दोरीवरच्या लुगड्यावर हल्ली काजळी बसत नाही, हा त्यांचा पुरावा. मी एमएस्सी झालेली बाई, पण त्या पुराव्यापुढे माझं काही चाललं नाही.

हे सगळं मी बुद्धरत्नला सांगायचे.

बुद्धरत्न आणि मी एका वर्गात शिकलो, एका कंपनीत लागलो, आणि त्याच मशीनला दोन बाजूंनी धरून पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गच्च्या चढलो. लग्न ठरलंच होतं म्हणायचं. माझ्या आईनं विहारात विचारूनही ठेवलं होतं. मग त्याला नेदरलँड्सला शिकायला जायला मिळालं. शिकून झालं, तिथेच नोकरी लागली, कामही हेच. चार वर्षं तो ‘येतो’ म्हणतोय. पण यायला त्याला काहीतरी कामाचं निमित्त हवं असतं. दिल्लीत परिषद आहे, तिला जोडून येतो म्हणाला; ती परिषद ऑनलाइन झाली. मग कार्यशाळा; ती पुढे गेली. नुसतं माझ्यासाठी ये, असं मीही कधी म्हटलं नाही. मला मानी म्हणा नाहीतर मूर्ख म्हणा. जेवताना माझं अर्धं लक्ष फोनवर असतं आणि तो कधी वाजेल ते मला ठाऊक नसतं, एवढं मात्र खरं.

इतर जोडपी फोनवर काय बोलतात माहीत नाही. आम्ही कायदे बोलतो.

"इथे काय तपासायचं ते काम सुरू व्हायच्या आधी ठरवतात," तो सांगायचा. "नंतर अहवाल चांगला की वाईट, ते वेगळा आयोग बघतो. कारखान्याच्या पैशानं केलेला असला तरी त्यांच्या हातून सुटत नाही."

"आणि आमच्याकडे?"

"तुमच्याकडे काय! ‘पर्याय’ या प्रकरणात तू काय लिहिलंस सांग बरं."

"दोन परिच्छेद."

"अमेरिकेत काहीच न करण्याचा पर्यायही मांडावा लागतो. भट्टी झालीच नाही तर काय होईल, ते लिहायचं."

"तू गेलाच नसतास तर काय झालं असतं, हे कोण लिहिणार?" हे मी म्हटलं नाही. म्हटलं ते असं, "कॅनडात तर म्हणे माणसांच्या जगण्यावरचा परिणामही बघतात."

"बघतात. आरोग्य, समाज, सगळं."

"माणूस एकटा पडला तर?"

"ते कुठल्याच देशाच्या तक्त्यात नाही गं," तो म्हणाला. मग म्हणाला, "इथे सूचना-हरकती द्यायच्या तर सहा आठवडे मुदत असते. लोक व्यवस्थित लिहून पाठवतात. कुणी ओरडत नाही, कुणी टेबल आपटत नाही. आणि रश्मी, मला इतक्या वर्षांत इथे कुणी गच्चीवर चहाला बोलावलं नाही."

तीन महिने संपले. मशीन उतरवताना अंबूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. "आता कवा आनशील?" मी म्हटलं, "काम झालं आजी." "मंग तू कवा येशील?" मी म्हटलं, "येईन की." आणि गेले नाही. कशी जाणार? आमच्या कामात जिथं मशीन असतं तिथं माणूस जातो. मशीन नाही तिथं जाऊन सांगायचं काय? अहवाल लिहायला बसले की त्यांची गच्ची नकाशावर एक ठिपका होऊन समोर यायची, आणि मला त्या ठिपक्यावर जाऊन बसावंसं वाटायचं. माझी आई आहे, धडधाकट आहे, माझी आबाळ मुळीच होत नाही. तरी वाटायचं.

जनसुनावणी पावसाळ्यात झाली, गावातल्या मंगल कार्यालयात. वर्तमानपत्रात जाहिरात, महिनाभराची मुदत, मांडव, ध्वनिक्षेपक, व्हिडिओवाला, आणि मागच्या बाजूला वडापावची टोपली. अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, शेजारी प्रदूषण मंडळाचे अधिकारी. मी मराठीतून अहवाल सांगितला. ऐकलं कुणीच नाही. मग गाव उठलं. स्थानिक पोरांना नोकऱ्या द्या. माल वाहायचा ठेका गावालाच द्या. रस्ता करा. वेशीला कमान बांधा. हवेबद्दल एकही माणूस बोलेना.

आणि मग अंबूबाई उठल्या. कोंडाजी नावाचा त्यांचा एक भाडेकरू त्यांना धरून घेऊन आला होता. चार मजले त्या बसत बसत उतरल्या असणार. ध्वनिक्षेपक हातात घेऊन त्या म्हणाल्या:

"सायेब, मपलं येकच मागनं हाय. तीन म्हैने मपल्या गच्चीवं मशीन हुतं. हवा लई चांगली ऱ्हायची. ह्या लोकांनी ते नेलं आन् समदी हवा बिघडली. भट्टी लावा न्हाईतर नका लावू, मपलं मशीन परत आना." खाली बसता बसता त्यांनी मला हुडकलं. "आन् ती पोरगी बी."

अख्खा मांडव हसला. मीही हसले, कारण हसले नसते तर तिथंच रडले असते.

अध्यक्षांनी मात्र गंभीरपणे सांगितलं, "नोंद घ्या." कायदाच आहे तसा. जो जे बोलेल ते लिहून घ्यायचं, शेवटी सगळ्यांना वाचून दाखवायचं, आणि प्रत्येक मुद्द्यावर कारखान्यानं उत्तर द्यायचं. संध्याकाळी कारकुनानं वाचलं: "श्रीमती अंबूबाई यांनी आपल्या निवासस्थानी हवा मोजण्याचे यंत्र कायमस्वरूपी बसविण्याची मागणी केली." वाचून तो पुढच्या मुद्द्याकडे वळला.

"पोरीचं न्हाई वाचलं," मागून आवाज आला. पण तोवर कमानीचा मुद्दा सुरू झाला होता आणि त्यापुढे कुणाला काही ऐकू येणार नव्हतं.

कारखान्याला नोकऱ्यांची मागणी अवघड होती, ठेक्याची त्याहून अवघड. मशीनची सोपी होती. त्यांनी ती तत्काळ मान्य केली, आणि मंजुरी आली तेव्हा ती इतर अटींबरोबर छापून आली. सर खुश झाले. मी पण झाले. माझी चार दिवसांची फेरी परत सुरू होणार, असं धरून मी चालले होते. इतकी वर्षं या धंद्यात असून मी एवढी भाबडी कशी, याचं मला अजून नवल वाटतं.

कारण आलं ते स्वयंचलित मशीन. फ्रिजएवढं, पांढरंशुभ्र, स्वतःच हवा घेणारं आणि स्वतःच आकडा पाठवणारं. आकडा थेट मंडळाकडे, कारखान्याकडे आणि आमच्याकडे. कागद नाही, वजन नाही, माणूस नाही. बसवायला गाडी आली, चौघांनी चढवलं आणि कुलूप लावून निघून गेले. कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर बाईंना मागितलं त्याहून चांगलं मिळालं होतं. बुद्धरत्नला सांगितलं तर तो म्हणाला, "इथेही हेच केलं असतं." त्याचा आवाज पडलेला होता.

मशीन लावून महिना झाला असेल नसेल, आकडे चढायला लागले. दिवसभर ठीक आणि दुपार कलली की एकदम वर. धुळीची मर्यादा ओलांडली की मंडळाच्या यंत्रणेतून कारखान्याला निरोप जातो, आणि निरोप गेला की कुणीतरी जाऊन बघावंच लागतं. कारखान्याचा पर्यावरण अधिकारी धावत गेला. त्याला काही दिसलं नाही, चहा मात्र मिळाला. मग मशीन विकणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ गेला, त्यानं सगळं उघडून परत बंद केलं आणि भाकरी खाऊन आला. मग मंडळाचे एक अधिकारी गेले. ते तर गुळाच्या पोळीची तारीफ करत परतले. निरंजनच्या लग्नानंतर त्या जिन्यात एवढी वर्दळ झाली नसेल. इकडे कारखान्याचा जीव टांगणीला लागला. भट्टी अजून पेटलीही नव्हती आणि हवा बिघडली होती! त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं, कारण शोधा, नाहीतर ते मशीन तिथून उचलून आमच्या फाटकाच्या आत बसवायची परवानगी काढा.

सरांनी मला पाठवलं.

मी मुद्दाम न कळवता गेले. गच्चीवर पोचले तेव्हा मशीनच्या नाकाखाली तीन विटांची चूल मांडलेली होती, तिच्यात गवऱ्या धुमसत होत्या, आणि अंबूबाई पदरानं धूर मशीनकडे वारत होत्या. मन लावून चाललं होतं. देव्हाऱ्यापुढं धूप दाखवावा इतक्या मायेनं.

"आजी!"

त्या दचकल्या नाहीत. "आलीस का? किती उशीर. समदे येऊन गेले, तूच तेवढी यायची ऱ्हायली हुतीस."

मी आधी चूल विझवली. मग जोरात भांडले. "अहो, हवा साफ करायला मशीन मागितलंत ना? त्याच मशीनला धूर देता?"

"साफ कुटं करतंय ते? मोजतंय नुसतं."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी काय येडी हाय का? पयल्याच दिशी तू सांगितलंस की. आगं, मशीन मोजतंय म्हनलं तर काम झाल्यावं नेनारच. साफ करतंय म्हनलं तर ऱ्हाऊ देतील, आसं वाटलं." पदराला लागलेली राख त्यांनी झटकली. "आन् हे नवं मशीन तर मुकंच हाय. येकदा बसवलं आन् कुनी फिरकलंच न्हाई. येक दिस शेजारच्या गोठ्यातनं कोंडाजीकडनं गवऱ्या मागवून पानी तापवलं, तर दुसऱ्या दिशी सायेब हजर. मंग कळालं मला ह्येला कसं बोलवायचं ते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांच्याशेजारी मी खाली बसले आणि सांगितलं, की असंच चालू राहिलं तर मशीन इथून जाईल, कारखान्याच्या फाटकाआड जाईल, आणि मग गावाची हवा गावाला कधीच कळायची नाही. हे खरंच होतं. भट्टी पेटल्यावर खरा धूर येणार होता, आणि तेव्हा त्यांच्या गवऱ्यांकडे बोट दाखवून सगळे मोकळे झाले असते. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग कुनी येईल का न्हाई?"

मी कार्यालयात परत येऊन सगळं खरं लिहिलं. यंत्राजवळ घरगुती चूल पेटत होती. चूल हलवली आहे. यंत्राची जागा बदलू नये. मात्र नुसत्या स्वयंचलित आकड्यांवर विसंबू नये. ते बरोबर आहेत का हे पडताळायला जुनं मशीन शेजारी ठेवावं आणि आठवड्यातून ठरल्या दिवशी माणसानं स्वतः जाऊन कागद बदलावा. यात एक अक्षर खोटं नव्हतं. चांगल्या कामाची रीत तीच आहे. फक्त ती रीत मला इतक्या तातडीनं का आठवली, ते मी लिहिलं नाही. मंडळाला ते पटलं आणि कारखान्याला स्वस्त वाटलं. एका गवरीच्या चुलीतून अटीला पोटअट लागली.

आणि ते काम सरांनी नेहाला दिलं.

नेहा नवीन लागली होती, थेरगावला राहते, मुलगी चांगली आहे. मला तळेगावकडच्या दुसऱ्या प्रकल्पाचा अहवाल दिला. मोठा अहवाल, बढतीसारखंच. मी सरांना काय सांगणार होते? मला बढती नको, मला जिने चढायचेत? मी नेहाला मशीन दाखवलं, कागद धरायची पद्धत दाखवली, आणि सांगितलं की चहाला नाही म्हणू नकोस. ती म्हणाली, "मॅडम, मी चहा घेत नाही." महिन्याभरात घ्यायला लागली.

मग नेहाकडून कानावर यायला लागलं. "आजींनी मला मेथीचे लाडू दिले." "आजी मला सायकल शिकल्याची गोष्ट सांगत होत्या." ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती! आजींचा गुडघा नेहाच्या मलमानं बरा आहे. मी "हो का, छान," म्हणायचे आणि तळेगावच्या तक्त्यात आकडे भरायचे. मत्सर वाटायचा, सरळ सांगते. सत्तरीच्या म्हातारीवरून तिशीची बाई पंचविशीच्या पोरीचा मत्सर करत होती.

गच्चीवरचा आकडा माझ्या संगणकावर अजून दिसायचा. दुपार कलली की मी तो उघडून बघायचे. रेघ सपाट. आज तरी चढेल, आज तरी एखादी गवरी पेटेल, म्हणून बघत बसायचे. चढली नाही. मला हवं होतं तेच झालं होतं. बाईंकडे माणूस येत होता, त्यांना कुणाला हाक मारावी लागत नव्हती. हवा चांगली आहे म्हणून हिरमुसणारी पर्यावरणवाली मी एकटीच असेन.

अशाच एका आठवड्यात बुद्धरत्नचा फोन आला. पुढे गेलेली कार्यशाळाही आता बारगळली होती. "बघू, पुढच्या वर्षी काहीतरी निघेल," तो म्हणाला. मी म्हटलं, "बघू." मग तो जर्मनीच्या कायद्यातल्या कुठल्याशा नव्या दुरुस्तीबद्दल बोलत राहिला आणि मी हूं हूं करत राहिले. फोन ठेवल्यावर मला इतकं रितं वाटलं की आईनं वाढलेलं ताट मी तसंच बाजूला सारलं.

रविवारी सकाळी मी स्कूटी काढली. रविवारी कागद बसत नाही आणि निघतही नाही. मोशीच्या पुढे दोनदा वाटलं, परत फिरावं. जाऊन सांगायचं काय?

अंबूबाई गच्चीवर ऊन खात बसल्या होत्या. मला पाहून त्या काठीचा आधार घेत उठल्या. "का गं? मशीन बिघडलं का काय?"

"नाही."

"मंग? त्या पोरीचं काय चुकलं?"

"नाही हो. तिचं छान चाललंय."

"मंग आज कशापायी आलीस?"

रस्त्यात तीन-चार कारणं जुळवून ठेवली होती मी. एकही सांगावंसं वाटेना. "तुमची आठवण आली," मी म्हटलं. "फार आली. वर्षभर येतेय."

हातातली काठी त्यांनी अशी आपटली की खालच्या मजल्यावरचा रातपाळीवाला जागा झाला असेल.

"आगं, मपलं गुडघं गेल्यात म्हनून मला धूर करावा लागला. तुला तर गाडी हाय!"

त्या तरातरा, म्हणजे त्यांच्या चालीनं तरातरा, आत गेल्या आणि स्टो पेटवायला लागल्या. आतून मला शिव्या ऐकू येत होत्या, शिकलेल्या पोरींना, कंपन्यांना, निरंजनला, सगळ्यांना मिळून. मी कठड्याशी उभी राहिले. फोन काढला आणि बुद्धरत्नला लिहिलं, "परिषद नको, कार्यशाळा नको. मला तू हवा आहेस. ये." पाठवलं. चार वर्षांत हे वाक्य मी एकदाही लिहिलं नव्हतं, आणि लिहायला एवढासाच वेळ लागला.

"कुनाला लिवतीस गं?" आतून आवाज आला.

"आहे एक जण. परदेशात असतो. त्यालाही यायला कारण लागतं."

"मंग तो बी तुझ्याच जातकुळीचा," अंबूबाई म्हणाल्या. "काय म्हनाला?"

हातातला फोन अजून गप्प होता. तिकडे नुकतंच उजाडलं असेल.

"अजून काही नाही," मी म्हटलं.

"म्हनंल. बस तवर," त्या म्हणाल्या.

मी बसले.